टेकलेला हात

पक्कडचं डोकं फिरायला त्या सोमवारी वेळापत्रकाचा एक कागद पुरला. शिक्षकांच्या खोलीबाहेर तो सकाळीच चिकटवला होता. शेवटच्या वर्षाच्या वर्गापुढे, गणिताच्या रकान्यात, गेली एकोणीस वर्षं तिच्या मावशीचं नाव असायचं. आज तिथं नव्या सरांचं होतं. मावशीला तळमजल्यावरचे दोन लहान वर्ग दिले होते. त्या वर्गांत अजून साधा पांढरा फळा आणि शाईची पेनं होती.

पक्कड त्या शाळेची तंत्रज्ञ. अकरा वर्गांतले अकरा स्मार्ट फळे, संगणक, घंटा, माइक, सगळं तिच्याकडे. नाव मावशीनंच पाडलेलं. लहानपणी एखादी वस्तू हातात धरली की ही पोरगी सोडायची नाही म्हणून. आई गेल्यावर मावशीनंच तिला वाढवलं. पुढे पक्कड शाळेत नोकरीला लागली, खिशात खरीच पक्कड घेऊन हिंडायला लागली, तेव्हा मावशीनं घरचं नाव तिथंही पसरवलं. आता मोठ्या बाई सोडल्या तर कुणी तिला दुसऱ्या नावानं हाक मारत नसे. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका.

कागद वाचून पक्कड सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत घुसली.

"मावशींचा वर्ग का काढला?"

मोठ्या बाईंनी चष्मा वर सरकवला. "बसा ना."

"बसायला नाही आले."

"मग उभ्यानं ऐका. मुलांच्या तक्रारी होत्या. फळ्यावर बाईंना काही धड काढता येत नाही, अर्धा तास त्यातच जातो. परीक्षेचं वर्ष आहे. आणि फळा ठीक आहे असं तुम्हीच लिहून दिलंत की."

त्यांनी फाइलीतून कागद काढून टेबलावर ठेवला. खाली पक्कडचीच सही होती. 'उपकरणात दोष नाही. वापरण्याच्या पद्धतीत अडचण.' अक्षरही छान आलं होतं. पक्कडच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती आग मोठ्या बाईंवर ओतायची सोय त्या कागदानं ठेवली नव्हती.

झालं होतं ते असं. फळे बनवणारी कंपनी बंद पडून तीन वर्षं झाली होती. संगणक बदलले आणि कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर त्यांच्यावर चालेना. फळे भंगारात जायची वेळ आली. तेव्हा पक्कडनं शोधून एक ओपन सोर्स ड्रायव्हर आणला. ड्रायव्हर म्हणजे फळा आणि संगणक यांच्यामधला दुभाषा. फळा सांगतो, अमुक जागी स्पर्श झाला. ड्रायव्हर ते संगणकाला कळेल अशा भाषेत सांगतो, मग तिथं रेघ उमटते. हा ड्रायव्हर कुणा एकानं फावल्या वेळात लिहून सगळ्यांना मोकळा करून दिलेला. पक्कडनं तो अकराही वर्गांत बसवला, तेव्हा मोठ्या बाईंनी भर सभेत तिचं कौतुक केलं होतं.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग चार महिन्यांपूर्वी मावशीनं कुरबूर सुरू केली. वर्तुळ काढताना रेघ मध्येच उडी मारते, फळ्याच्या कडेला जाते, परत येते. पक्कड दोनदा वर्गात जाऊन आली. तिनं स्वतः वर्तुळं काढली, त्रिकोण काढले. सगळं झकास. दहा शिक्षकांना विचारलं. कुणालाच त्रास नाही. तिनं 'घुबड' या नावानं वावरणाऱ्या त्या ड्रायव्हरच्या कर्त्याला कळवूनही पाहिलं. तासाभरात उत्तर आलं होतं: 'माझ्याकडे असं होत नाही. तक्रार बंद.'

मग मोठ्या बाईंनी लेखी मागितलं, आणि तिनं लिहून दिलं. मावशीला एका शब्दानं न विचारता. ड्रायव्हर आणायचा हट्ट तिचाच होता, तोच बिघडलाय असं लिहायला तिचा हात उचलला नव्हता. हे तिला त्या खोलीत, स्वतःच्या सहीकडे बघताना, पहिल्यांदा नीट दिसलं.

"मी परत तपासते," ती म्हणाली.

"तपासा की. पण वेळापत्रक लागलंय."

संध्याकाळी ती मावशीकडे गेली. दोघी एकाच इमारतीत राहत, पक्कड दुसऱ्या मजल्यावर, मावशी तिसऱ्या. मावशीनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"मावशी, मला माहीत नव्हतं त्या कागदाचा असा उपयोग करतील."

"दोष नाही म्हणे उपकरणात." मावशीचा आवाज अजिबात चढला नव्हता, हे जास्त वाईट होतं. "उपकरणात नाही म्हणजे कुणात गं? मी आणि फळा, वर्गात तिसरं कोण होतं?"

"मी पाहिलं होतं ना येऊन. तुझ्यासमोर काढून दाखवलं—"

"तू काढून दाखवलंस! मी काढताना पाहिलंस का? 'सरक मावशी, मी बघते,' म्हणालीस. एकोणीस वर्षं शिकवतेय मी, आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलंस. सगळ्या पोरांसमोर."

"उद्या शाळा सुटल्यावर ये. मी लॉग चालू करते, तू लिही, मग कळेल नेमकं—"

"मी काय तुझ्या प्रयोगशाळेतला बेडूक आहे?" मावशीनं दार लावलं. आपटलं नाही, नीट कडी घातली.

पक्कड जिना उतरली ती दात-ओठ खातच. राग मोठ्या बाईंचा होता, त्या घुबडाचा होता, मावशीच्या हट्टाचा होता; आणि या सगळ्यांच्या खाली, जिथं हात घालायची इच्छा नव्हती तिथं, स्वतःचा होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती त्या वर्गात शिरली आणि दार लावून घेतलं. आधी केबल बदलली. मग फळा नव्यानं जुळवला: चार कोपरे, मध्य, पुन्हा चार कोपरे. लॉग चालू केला. लॉग म्हणजे फळा जे जे बोलतो त्याची जशीच्या तशी नोंद. पडद्यावर आकड्यांच्या रांगा धावू लागतात. तिनं शंभर सरळ रेघा ओढल्या. शंभरच्या शंभर सरळ. हळू लिहिलं, भरभर लिहिलं, बोटानं लिहिलं, बाही ओढून घेऊन लिहिलं. एकही रेघ हलली नाही.

"हल ना, मुडद्या!" ती फळ्यावर ओरडली. रिकाम्या वर्गात आवाज घुमला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

बुधवारीही तेच. गुरुवारी तिनं ड्रायव्हरचा कोड वाचायला घेतला. सातशे ओळी होत्या, आणि त्यात माणसासाठी समजुतीचा एक शब्द नव्हता. जिथं टिपण होतं तिथं 'हे असंच आहे, विचारू नका' असं लिहिलेलं. घुबडाला मनातल्या मनात घातल्या तेवढ्या शिव्या तिनं आयुष्यात कुणाला घातल्या नव्हत्या.

शुक्रवार फळे पुसायचा दिवस; मागच्या शुक्रवारी ते राहून गेलं होतं. तिनं ओला फडका घेतला आणि डावीकडून सुरुवात केली. खिडकीतून उन्हं तिरपी येत होती, आणि त्या उजेडात काचेवर डाग दिसला. खांद्याच्या जरा खाली, डाव्या कडेपासून वीतभर आत. पाच बोटं आणि तळवा. एकावर एक उमटलेले, जुने पुसट, वरचा अजून स्पष्ट. आठवडाभर नवे सर इथं शिकवत होते, पण त्यांनी फळ्याच्या त्या कडेला हात लावलेला दिसत नव्हता.

हा डाग ती एरवी दर शुक्रवारी पुसत आली होती. चार महिने. काहीतरी तेलकट लागलंय म्हणून दोन वेळा फडका जास्त घासला होता, इतकंच.

तिनं फडका खाली टाकला. आपला डावा तळवा त्या डागावर ठेवला, अंगाचा भार त्यावर दिला आणि उजव्या हातानं वर्तुळ काढायला घेतलं. पाव वर्तुळ झालं आणि रेघ उडी मारून थेट तिच्या डाव्या तळव्याकडे गेली.

पक्कडनं वर्तुळ पुन्हा काढलं; रेघ पुन्हा तिकडेच गेली. मग लॉग पाहिला. फळ्याच्या चौकटीत डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांची जाळी असते. पेन असो, बोट असो, तळवा असो, जिथं किरण अडतात तिथं फळा 'स्पर्श' म्हणून सांगतो. आता तो दोन स्पर्श सांगत होता, एक पेनाचा, एक तळव्याचा. आणि कोडाच्या चारशे बाराव्या ओळीत घुबडानं लिहून ठेवलं होतं की शेवटी कळलेला स्पर्श तोच खरा. तळवा जरासा दाबला गेला, की फळा त्याची पुन्हा खबर द्यायचा आणि ड्रायव्हर पेनाला सोडून तिकडे धावायचा. कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर टेकलेल्या हाताकडे कानाडोळा करत असणार. म्हणून हे पूर्वी कधी झालं नव्हतं.

पण ड्रायव्हर बसवून वर्षाहून जास्त झालं होतं, आणि मावशीचं दुखणं चार महिन्यांचं.

दुखणं. हा शब्द तिच्या मनात आपोआप आला. मावशी आजकाल जिन्यात 'तू हो पुढे' म्हणायची. भाजीची पिशवी दुसऱ्या मजल्यावर ठेवून, मग पुन्हा उचलायची. बसमध्ये चढायच्या आधी दांडा दोन्ही हातांनी धरायची. हे सगळं पक्कडनं पाहिलं होतं आणि यातलं काहीही पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं दारातच विचारलं, "पाय कधीपासून दुखतोय?"

मावशीनं ताकास तूर लागू दिली नाही. "कुणी सांगितलं?"

"फळ्यानं. तू डावा हात टेकून उभी राहतेस."

मावशी मागे सरली. पक्कड आत गेली. टेबलावर लहान वर्गांच्या वह्यांचा गठ्ठा होता आणि खुर्चीत दोन उशा एकावर एक ठेवलेल्या.

"खुबा झिजलाय," मावशी म्हणाली. "ऑपरेशन करायचं म्हणतात. परीक्षा झाल्यावर करीन म्हणाले मी. पाय माझा आहे, शाळेचा नाही."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुला? तू काय केलं असतंस? त्यावरही लिहून दिलं असतंस. 'उपकरणात दोष आहे.'"

हे पक्कडला फार लागलं. मग दोघी एकदमच बोलायला लागल्या. मावशी म्हणत होती, त्या बाईला कळलं तर ती उद्याच मला घरी बसवेल, वर आराम करा म्हणून फुलं देईल. पक्कड म्हणत होती, चार महिने एकटीनं सोसत बसलीस, मी काय परकी आहे का! आवाज इतके चढले की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छतावर झाडूचा दांडा ठोकला.

"ठोका, ठोका!" मावशी जमिनीकडे बघून ओरडली. मग खुर्चीत बसली, बसताना तिचा श्वास अडकला, आणि आता तिनं तो लपवला नाही.

"मला तुझा हात हवाय," पक्कड म्हणाली. "उद्या शनिवार आहे. शाळेत कुणी नसतं. कुणाचा हात, का टेकला, यातलं काही मी कुठं लिहिणार नाही."

मावशीनं अंगाखालच्या उशा नीट केल्या. "दहाला येईन," ती शेवटी म्हणाली. "पण पेन मी धरणार."

शनिवारी दहाला सुरू झालेलं काम तीनपर्यंत चाललं. पक्कडनं आधी सोपा उपाय केला: पहिला स्पर्श तो खरा, नंतरचे खोटे. मावशी आधी हात टेकते आणि मग लिहिते, त्यामुळे आता पेन उमटेचना.

"वा," मावशी म्हणाली. "आधी उड्या मारत होतं, आता मेलंच."

"गप बस जरा."

"मी गप्पच आहे. फळा बोलत नाहीये."

मग पक्कडनं आकारावरून निवड केली. फळा प्रत्येक स्पर्शाची लांबी-रुंदी सांगतो. पेनाचं टोक बारीक, तळवा मोठा. मोठा स्पर्श सोडून द्यायचा. हे जमलं. मावशीनं वर्तुळ काढलं, त्यात त्रिकोण बसवला, तीन लंब टाकले. रेघ जागची हलली नाही. पक्कड टाळी वाजवणार एवढ्यात चौथा लंब उडाला.

"काय केलंस?"

"काही नाही केलं! जरा बरं वाटलं म्हणून हात सैल सोडला."

तळवा उचलून ती नुसत्या बोटांच्या टोकांवर भार देत होती. बोटांची टोकं आणि पेनाचं टोक, आकार सारखाच. पक्कडनं कीबोर्ड ढकलून दिला आणि वर्गातून बाहेर चालती झाली. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, नळाखाली तोंड धुतलं, परत आली. मावशी तिच्या खुर्चीवर बसून पडद्यावरचे आकडे बघत होती.

"हे दोन रकाने जागेचे ना? आडवं अंतर, उभं अंतर?"

"हो."

"मग बघ की. पेनाचे बदलत जातात. बोटांचे तिथल्या तिथं कापतात नुसते, एकदोन अंकांनी. गणिताच्या बाईला विचारलं असतंस तर सकाळीच सांगितलं असतं. जो चालतोय तो लिहितोय. जो एका जागी आहे तो टेकू."

पक्कडनं एकोणतीस नव्या ओळी लिहिल्या. तीन वाजता मावशीनं फळाभर भूमिती काढली, तळवा टेकून, बोटं टेकून, शेवटी दमल्यावर कोपर टेकून. एकही रेघ चुकली नाही. मावशीनं पेन कट्ट्यावर ठेवलं आणि रुमालानं डोळे पुसले, मग रागानं तोच रुमाल पर्समध्ये कोंबला.

रविवारी पक्कडनं आपल्या ओळी घुबडाला पाठवल्या आणि काय होतं ते कळवलं. उत्तर आलं: 'फळ्याला टेकून कोण उभं राहतं? सरळ उभं राहायला सांगा. नको त्या गोष्टींसाठी कोड वाढवणार नाही.'

तिनं बसल्या बैठकीत लिहिलं:

'तुम्ही या फळ्यावर सलग पाच तास शिकवलं आहे का? मी ज्यांच्यासाठी लिहितेय त्यांनी शिकवलं आहे. तुमच्या चारशे बाराव्या ओळीमुळे एका माणसाचा वर्ग गेला. ओळ तुमची, पण ती न वाचता सगळं ठीक आहे म्हणून सही करणारी मी, म्हणून तुमच्यापेक्षा जास्त मी स्वतःला शिव्या घालतेय. माणसं टेकतात. दमतात, दुखतात, म्हातारी होतात, एका हातात मूल धरतात. तुम्हाला नको असेल तर घेऊ नका, आमच्या अकरा फळ्यांवर हे चालणारच आहे. पण "असं होत नाही" हे परत कुणाला लिहू नका. विचारा, कसं होतं ते.'

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या ओळी मूळ ड्रायव्हरमध्ये घेतलेल्या दिसल्या. खाली त्यानं लिहिलं होतं: 'माझ्याकडे हा फळाच नाही आता. सहा वर्षं लोक फक्त शिव्या द्यायला येतात, म्हणून मी वाचायचंच सोडलं होतं. ओळी चांगल्या आहेत.' माफी वगैरे काही नव्हती. पक्कडला त्याचा राग अजून होता, पण आता त्यात पहिल्यासारखी मजा राहिली नव्हती.

मोठ्या बाईंकडे ती दुसरा कागद घेऊन गेली. त्यात तिनं लिहिलं होतं की तिचा पहिला अहवाल चुकीचा होता, फळ्याला हात टेकल्यावर रेघ उडते हा दोष ड्रायव्हरमध्ये होता, तो बसवायचा निर्णय तिचा होता, आणि दोष आता काढला आहे.

मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला. "हात टेकल्यावर? त्यांना हात का टेकावा लागतो?"

"फळ्याला हात टेकायला कारण लागत नाही."

"मला लागतं. तब्येतीचं काही असेल तर—"

"तुम्ही फळ्याचं विचारलंत, मी फळ्याचं सांगतेय."

"आवाज खाली. आधी तुम्हीच एक लिहून देता, मग तुम्हीच दुसरं. मी कोणत्या कागदावर विश्वास ठेवू?"

"कोणत्याच नको," दारातून मावशी म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "माझ्यावर ठेवा. माझा खुबा झिजलाय. सुट्टीत ऑपरेशन आहे. तोवर मी उभी राहू शकते, हात टेकून. चार महिने राहिलेच की. तुम्हाला माझ्याबद्दल काही जाणून घ्यायचं होतं तर मला विचारायचं होतं, बाई. हिला नाही, पोरांना नाही, कागदाला नाही. मला."

मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बहुतेक खरंच वाईट वाटणं होतं. "अहो, मला सांगितलं असतंत तर मी आराम—"

"म्हणूनच नाही सांगितलं."

मोठ्या बाई खाली बसल्या. वेळापत्रकाचा कागद पुढे ओढून त्यांनी बराच वेळ पेन्सिल फिरवली. नव्या सरांनी बीजगणित सुरू केलेलं होतं, मुलांना पुन्हा बदल नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेवटी भूमितीचे तीन तास मावशीला मिळाले, बीजगणिताचे तीन नव्या सरांकडेच राहिले. शिवाय वर्गात एक उंच स्टूल ठेवायचं ठरलं. मावशीनं स्टुलाला नाही म्हटलं नाही. परत मिळालेल्या वर्गाला मात्र तिनं मोठ्या बाईंच्या तोंडावर 'अर्धा' म्हटलं आणि ती निघून गेली.

पुढच्या बुधवारी भूमितीचा पहिला तास झाला. पक्कड कामाच्या निमित्तानं व्हरांड्यातून दोनदा गेली. आत मावशी कुणाला तरी फैलावर घेत होती: समांतर म्हणजे काय हे चार वर्षांपूर्वी शिकलास, आज विचारतोस! फळ्यावर दोन लांब रेघा होत्या, सरळ.

संध्याकाळी दोघी जिना चढत होत्या. पिशवी पक्कडच्या हातात होती. दुसऱ्या मजल्यावर मावशी कठडा धरून थांबली.

"अजून रागावलीयेस?" पक्कडनं विचारलं.

"हो."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर जास्त. त्या बाईनं माझं काय खाल्लंय? ती मला सहा वर्षं ओळखते. तू जन्मापासून."

पक्कडनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"डॉक्टरकडे मंगळवारी जायचंय," मावशी म्हणाली. "चारला. सुट्टी काढ अर्ध्या दिवसाची." आणि कठडा सोडून पुढची पायरी चढली.